वाळवंटातली शिल्पबाग कशी पाहावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

सकाळी अकराला गाडीतून उतरायचं, हातात अर्ध्या लिटरची बाटली, डोक्यावर काही नाही. फाटकाजवळची तीन-चार शिल्पं फोनमध्ये टिपायची आणि वीस मिनिटांत घामाघूम होऊन पुन्हा गाडीतल्या थंड हवेत शिरायचं. मग घरी येऊन सांगायचं, "विशेष काही नव्हतं, नुसतं लोखंड आणि सिमेंट उभं होतं." हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. शिल्पं वाईट नव्हती आणि पाहणाऱ्याची नजरही वाईट नव्हती, चुकला तो क्रम. बंदिस्त कलादालनात उजेड आणि हवा दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेली असते. वाळवंटात ते काम तुमच्याकडे येतं आणि ते घरून निघण्याआधीच करावं लागतं.

१. जागा कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखा

'वाळवंटातली शिल्पं' या एका नावाखाली तीन फार वेगळ्या गोष्टी येतात. एकीची तयारी करून दुसरीकडे जाणं ही पहिली चूक.

पहिला प्रकार म्हणजे हद्द आखलेली बाग. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री इथे नोआ प्युरिफॉय यांनी १९८९ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे १० एकर जमिनीवर टाकाऊ वस्तूंची शिल्पं उभी केली. तिथे पायी फिरायचं असतं आणि सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ असतो. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलजवळच्या टेकडीवर १९९३ साली घडवलेली वाळूच्या दगडाची १२ शिल्पं याच प्रकारात मोडतात.

दुसरा प्रकार म्हणजे मोठ्या अंतरावर पसरलेलं काम. कतारमध्ये रिचर्ड सेरा यांच्या पोलादाच्या चार उभ्या पट्ट्या एक किलोमीटरहून जास्त अंतरात एका रेषेत उभ्या आहेत. टेक्ससमधल्या मार्फा इथे डोनाल्ड जड यांच्या काँक्रीटच्या चौकटींचे १५ समूहही असेच किलोमीटरभर पसरलेले आहेत. इथे 'गाडीतून पाहून घेऊ' हा विचार सोडून द्यावा लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे एकाकी शिल्प. चिलीच्या अटाकामा वाळवंटात मारिओ इरारासाबाल यांचा ११ मीटर उंच हात जमिनीतून वर आला आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅन्सी होल्ट यांचे काँक्रीटचे चार बोगदे माळावर पडलेले आहेत. अशा ठिकाणी रखवालदार, नळ, सावली, स्वच्छतागृह यांपैकी काही मिळेल असं धरून चालू नका.

*तपासा:* जागा उघडण्या-बंद होण्याची वेळ, शेवटचा रस्ता पक्का की कच्चा, पाणी आणि स्वच्छतागृह, ड्रोनला परवानगी. चारही उत्तरं त्या जागेच्या अधिकृत माहितीवरून घ्या. प्रवाशांनी टाकलेल्या जुन्या नोंदींवर विसंबू नका, एका पावसात कच्चा रस्ता बदलतो.

२. दिवस आणि तास ठरवा, आणि तेही उलटे मोजून

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक जण घरून किंवा मुक्कामाहून निघायची वेळ ठरवतात आणि पोहोचू तेव्हा पोहोचू म्हणतात. हे उलटं करा. त्या तारखेचा, त्या ठिकाणचा सूर्योदय कधी आहे ते पाहा. सूर्य उगवल्यावर साधारण वीस मिनिटांनी तुम्ही पहिल्या शिल्पासमोर उभे असायला हवेत. त्यातून प्रवासाचा वेळ वजा करा, कच्च्या रस्त्यासाठी तो दीडपट धरा, आणि जी वेळ येईल तिला निघा. पहाटे साडेतीनचा गजर लावावा लागला तर लावा.

कारण दोन आहेत. पहिलं, सावली. सूर्य खाली असताना सावल्या लांब पडतात, दगडावरचे छिन्नीचे घाव उठून दिसतात, काँक्रीटच्या चौकटीत उजेड-अंधाराच्या घड्या पडतात. ऊन डोक्यावर आलं की हे सगळं सपाट होतं. घडीव पृष्ठभाग कागदासारखा दिसायला लागतो आणि मग माणूस म्हणतो, "नुसतं सिमेंट." होल्ट यांचे बोगदे तर सूर्याच्या हिशेबानेच मांडलेले आहेत. १९७६ मध्ये पूर्ण झालेले हे चार बोगदे, प्रत्येकी सुमारे साडेपाच मीटर लांब, उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या अयनदिनांना, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी, उगवत्या-मावळत्या सूर्याशी नेमके जुळतात. त्यांच्या भिंतींना तारकासमूहांच्या आकृतीत भोकं पाडलेली आहेत आणि त्यातून उन्हाचे कवडसे आत पडतात. ढगाळ दिवशी तिथे गेलात तर निम्मं शिल्प पाहिलंच नाही असं समजा.

दुसरं कारण उष्णता. हवा सर्वांत गरम होते ती दुपारी बाराला नव्हे, तर तीन ते पाचच्या दरम्यान. 'बारा टळले, आता निघू' हा हिशेब त्यामुळे फसतो. जमीन तर हवेपेक्षा फार तापते: हवा ४० अंशांवर असताना वाळूचा वरचा थर ६० च्या पुढे सहज जातो. लहान मुलं जमिनीच्या जवळ असतात, म्हणून त्यांना तुमच्यापेक्षा जास्त झळ बसते.

सकाळ की संध्याकाळ? एकच फेरी शक्य असेल तर मी सकाळच सुचवेन. रात्रभरात जमीन निवलेली असते आणि परतीचा कच्चा रस्ता उजेडात पार होतो. संध्याकाळी उजेड तितकाच सुंदर असतो, पण पायाखालून धग येत राहते आणि अनोळखी वाटेने अंधारात परतावं लागतं. जवळ मुक्काम करता आला तर मात्र आदल्या संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, असं दोनदा जा. एकाच शिल्पाची उन्हातली बाजू सकाळ-संध्याकाळ बदलते, आणि पुष्कळदा दुसऱ्या भेटीतच ते आपल्याला दिसतं.

एक बारकावा: उत्तर गोलार्धात मधल्या वेळचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे हिवाळ्यात शिल्पाची उत्तरेकडची बाजू दिवसभर सावलीत राहू शकते. अटाकामात आणि ब्रोकन हिलला हे उलटं होतं. नकाशावर शिल्पाचं तोंड कुठे आहे ते पाहून मगच सकाळ-संध्याकाळ ठरवा.

*सावधान:* उन्हाळ्याच्या ऐन महिन्यांत जायचंच असेल तर सकाळी साडेनऊनंतर उघड्यावर थांबायचं नाही, हे आधीच ठरवून टाका. तिथे उभं राहून ठरवायला गेलात तर 'अजून एकच' म्हणत अकरा वाजतात.

३. पाणी, मीठ, कपडे

दिवसाला माणशी किमान ४ लिटर पाणी धरा, आणि कडक उन्हात चालणार असाल तर तासाला सुमारे एक लिटर. गाडीत याशिवाय वेगळा राखीव कॅन ठेवा. गाडी बंद पडली तरच तो उघडायचा.

कोरड्या हवेत घाम अंगावर येताक्षणी उडून जातो. सदरा ओला होत नाही, म्हणून 'मला घाम येतच नाहीये' असं वाटतं आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या. एकदम बाटलीभर पिऊन तासभर विसरण्यात अर्थ नाही. आणि नुसतं पाणीच पीत राहू नका, ओआरएसची पाकिटं किंवा काही खारट खाणं सोबत असू द्या. घामातून मीठ जातं, आणि लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडिअम धोकादायकरीत्या उतरू शकतं.

कपडे सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. कमी कपडे म्हणजे गारवा, हा वाळवंटातला मोठा गैरसमज आहे. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली घ्या, नुसत्या पुढच्या काठाच्या टोपीत मान आणि कान भाजतात. बूट बंद आणि जाड तळाचे. उन्हापासूनचं मलम निघण्याआधीच लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. पहाटे निघणार असाल तर एक गरम कपडाही घ्या, कारण वाळवंटात रात्रीचं तापमान झपाट्याने उतरतं आणि पहाटे चक्क हुडहुडी भरते.

एक साधा कंगवाही पिशवीत टाका. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात चोया नावाचं निवडुंग असतं, त्याचे काटेरी तुकडे नुसत्या स्पर्शाने अंगाला चिकटतात. हाताने उपटायला गेलात तर हातही अडकतो. कंगवा खाली सरकवून झटक्यात उडवायचा.

४. गाडी आणि शेवटचे काही किलोमीटर

लोक अडकतात ते बहुधा महामार्गावर नव्हे, शेवटच्या रेताड पट्ट्यात.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, कच्च्या रस्त्यावर न्यायला बऱ्याच करारांत मनाई असते आणि तिथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही. इंधनाची टाकी शेवटच्या मोठ्या गावात भरा. जादा टायर नुसता आहे एवढं पाहू नका, त्यात हवा आहे का तेही पाहा. जॅकखाली ठेवायला लाकडी फळी, फावडं, हवा मोजायचं यंत्र आणि भरायचा छोटा पंप घ्या. वाळूत जॅक फळीशिवाय रुततो, हे अनेकांना तिथे गेल्यावरच कळतं.

खोल वाळू लागली तर टायरमधली हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरवा. टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरते. वेग कमी आणि एकसारखा ठेवा, जोरात ब्रेक मारू नका. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की लगेच थांबा. आणखी दाबलंत तर गाडी पोटापर्यंत बसेल. उतरा, चाकापुढची वाळू उपसा, हवा आणखी थोडी कमी करा आणि ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच मागे घ्या.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि जागेचे अक्षांश-रेखांश कागदावरही लिहा. नकाशाचं ॲप कधीकधी जवळची म्हणून वापरात नसलेली वाट दाखवतं. वाट अरुंद होत गेली, ताज्या चाकोऱ्या दिसेनाशा झाल्या, तर ॲप काहीही म्हणो, परत फिरा.

*सावधान:* कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करू नका. दूरच्या डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या डोक्यावर निरभ्र आभाळ असताना लोंढा होऊन येतो. धुळीचं वादळ आलं तर रस्त्यापासून शक्य तितकं दूर थांबा, दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. मागचे लाल दिवे दिसत राहिले तर मागून येणारा तुम्ही रस्त्यावरच चालला आहात असं समजून थेट येऊन धडकतो.

*तपासा:* न येणाऱ्या कुणाला तरी जागा आणि परतीची वेळ सांगितली आहे ना? 'संध्याकाळपर्यंत' असं मोघम नको, 'अकरापर्यंत फोन आला नाही तर मदत पाठव' असं स्पष्ट सांगा.

५. पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं

गाडी घट्ट जमिनीवर, तोंड परतीच्या दिशेला करून लावा. उतरण्याआधी पाणी प्या. मग लगेच शिल्पाकडे धावू नका. मागे वळून गाडी आणि तिच्यामागची ओळखीची खूण, एखादा डोंगर किंवा खांब, नीट पाहून ठेवा. सपाट माळावर दोनशे पावलांवरूनही दिशा हरवते.

पाणी गाडीत ठेवून जाऊ नका. 'इथेच तर आहे' असं वाटतं, कारण कोरड्या स्वच्छ हवेत लांबची वस्तू जवळ दिसते. घेतलेलं पाणी निम्मं संपलं की पुढे काहीही दिसत असो, मागे फिरायचं.

६. पाहण्याचा क्रम: तीन फेऱ्या

माझ्या दृष्टीने हा लेखाचा गाभा आहे.

पहिली फेरी लांबून आणि रिकाम्या हाताने. फोन खिशात. बागेच्या कडेने किंवा शिल्पांच्या रेषेला समांतर पूर्ण चालत जा. एकाही शिल्पाजवळ थांबू नका. इथे आकार एकमेकांशी आणि क्षितिजाशी बोलत असतात, ते जवळ गेल्यावर ऐकू येत नाही. सेरा यांच्या पट्ट्यांचं उदाहरण घ्या. दोन १४.७ मीटर उंच आहेत, दोन १६.७ मीटर. जवळून एकच पाहिलीत तर गंजलेल्या रंगाचं एक उंच पोलाद दिसेल. रेषेत चालत गेलात तर लक्षात येतं की जमीन खाली-वर होते आहे आणि चारही पट्ट्यांची टोकं मात्र एका पातळीत आहेत. त्या पट्ट्या जमिनीचा उतार मोजून दाखवतात! हे कुठल्याही एका छायाचित्रात मावत नाही, पायांनीच कळतं.

दुसरी फेरी जवळून, निवडक. पहिल्या फेरीत ज्यांनी मान वळवायला लावली अशी चार-पाच शिल्पं घ्या, सगळी नको. प्रत्येकाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घाला, मग एका जागी पाच मिनिटं उभे राहा. सावली सरकताना दिसेल. ते कशाचं बनलं आहे, वारा आणि वाळू त्याचं काय करत आहेत, ते पाहा. प्युरिफॉय यांच्या बागेत फिकट पडलेलं कापड, वाकलेलं लाकूड, गंजलेले पत्रे दिसतात. ते पाहून 'देखभाल नाही' असा शेरा मारणारे भेटतात. पण ऊन-वाऱ्याने होणारा बदल हा आपल्या कामाचाच भाग आहे, अशीच प्युरिफॉय यांची भूमिका होती. जडांच्या काँक्रीटच्या चौकटी १९८० ते १९८४ या काळात तिथेच ओतल्या गेल्या. प्रत्येक चौकट अडीच मीटर उंच, अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब. मापं सगळी सारखी, तरी मांडणी बदलली की आतून दिसणारं आभाळ बदलतं. घाईत पंधराही समूह एकच वाटतात.

तिसरी फेरी कॅमेऱ्याची. आता तुम्हाला काय टिपायचं ते ठाऊक असतं. आकार कळावा म्हणून एखाद्या चौकटीत माणूस उभा करा, पण शिल्पाला न टेकता. सूर्य पाठीशी घेऊन काढलेलं चित्र सपाट येतं, तो बाजूला ठेवून पाहा. लेन्स बदलायची तर गाडीत, दारं लावून. फोन सतत उन्हात धरलात तर तो तापून आपोआप बंद पडतो, आणि मग नकाशाही गेला. म्हणून टिपून झालं की सावलीत, पिशवीत ठेवा.

चूक होते ती बहुतेक वेळा इथेच: पहिल्याच मिनिटाला तिसरी फेरी सुरू होते आणि पहिल्या दोन होतच नाहीत.

७. हात आणि पाय कुठे ठेवायचे

हात लावू नका. पोलादावरचा तो गंजाचा थर मुद्दाम येऊ दिलेला असतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. हाताचं तेल आणि घाम त्यावर डाग पाडतात. वाळूचा दगड मऊ असतो, चढणाऱ्यांच्या बुटांनी त्याच्या कडा झिजतात. अटाकामातल्या त्या हातावर लोक नावं लिहून जातात आणि तो पुन्हा पुन्हा साफ करावा लागतो, हे वाचूनच माझा जीव खालीवर होतो. उन्हात तापलेल्या धातूने कातडी भाजते ती वेगळीच. जमिनीवर पडलेला तुकडा 'सुटलाच आहे' म्हणून उचलू नका, तो तिथेच पडलेला असणं हाही कामाचा भाग असू शकतो. दगडांचे मनोरे रचू नका.

पायांबद्दल कुणी फारसं सांगत नाही. अनेक वाळवंटांत जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. ती माती मेलेली नाही. सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी धरून ठेवलेला तो जिवंत थर आहे. तो माती उडू देत नाही आणि पाणी धरतो. एका पावलाने तो मोडतो आणि पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागू शकतात. म्हणून मळलेली वाट, उघडा खडक किंवा मोकळी वाळू यांवरूनच चाला, फोटोसाठी आडवाटेने घुसू नका.

शिल्पाच्या सावलीत तुम्हाला बसावंसं वाटतं, तसं सापालाही वाटतं. दिसत नाही तिथे हात घालू नका, बसण्याआधी वाकून पाहा.

८. अंगाचे इशारे

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चक्कर, विनाकारण चिडचिड: यांपैकी एकही दिसलं की फेरी संपली. सावलीत किंवा गाडीत बसा, पाणी आणि ओआरएस घ्या, कपडे सैल करा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, जीभ जड झाली, अडखळायला लागला, तर तो उष्माघात समजा. ताबडतोब सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघांत गार पट्ट्या ठेवा आणि मदत बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम सुरू आहे म्हणजे उष्माघात नाही, असं नसतं.

गाडी बंद पडली तर चालत मदत शोधायला जाऊ नका. गाडीजवळ थांबा, माणसापेक्षा गाडी लांबून लवकर दिसते.

९. निघताना

ठरवलेल्या वेळी निघा, एखादं शिल्प राहिलं तरी. कागद, बाटली, फळाची सालही परत न्या. कोरड्या हवेत साल कुजत नाही, वाळून तशीच पडून राहते. बुटांना आणि पायांना काटे चिकटले आहेत का पाहा. टायरमधली हवा कमी केली असेल तर डांबरी रस्ता लागताच भरा, कमी हवेवर वेगात गेलात तर टायर तापून फुटतो. आणि फोनला रेंज आली की फोटो पाठवण्याआधी, तुमच्या फोनची वाट पाहणाऱ्या त्या माणसाला कळवा.